जहाजावरील झडपा

लोहाराचा भाता तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. भाता उघडला कीं बाहेरची हवा त्यांत शिरते, व दाबला कीं तीच हवा नळींतून भट्टींत जाते. परंतु आंत आलेली ही हवा आल्या वाटेनें परत कां जात नाहीं, असा प्रश्न तुम्हीं कधीं स्वतःस विचारला आहे काय? भात्याच्या पोटाशीं एक भोंक असून त्यावर आंतल्या बाजूनें कातड्याचा किंवा लांकडाचा एक लहानसा तुकडा एका कडेनें बसविलेला असतो. हवा आंत येऊं लागली कीं तो उचलला जातो. ती उलट जाऊं लागली कीं तोच तुकडा भोंकावर घट्ट बसून तिची वाट अडवितो. ह्या तुकड्यास झडप म्हणतात. सायकलच्या ट्यूबच्या तोंडाशीं, विहिरीवरील पंपांत, फार काय तुमच्याआमच्या हृदयांतहि हीच योजना आहे. हृदयांत चार झडपा असून त्या रक्तास एकाच दिशेनें जाऊं देतात.

द्रव अथवा वायु ह्यांची वाट उघडणें, अडविणें, किंवा ती कमीजास्त करणें हें झडपेचें काम होय. जमिनीवरील कारखान्यांत ती बिघडली तर बहुधा कामाचा खोळंबा होतो. समुद्रावर ती बिघडली तर जहाजावरील सर्वांचे प्राण संकटांत पडतात. म्हणूनच ह्या लेखांत जहाजावरील झडपांचा विचार करावयाचा आहे.

जहाज म्हणजे पाणी आंत येऊं न देणारें एक मोठें भांडें, अशी आपली सामान्य समजूत असते. प्रत्यक्षांत जहाजाच्या तळाशीं व कुशीस मुद्दाम ठेविलेलीं अनेक भोंकें असतात. एंजिनें थंड ठेवण्यास समुद्राचें पाणी लागतें. आग लागल्यास तेंच पाणी पंपानें वर चढवावें लागतें. माल नसतां जहाज फार हलकें होऊन डोलूं नये म्हणून तळाच्या टांक्यांत पाणी भरावें लागतें. ह्या प्रत्येक कामासाठीं समुद्रास आंत येण्याची वाट द्यावीच लागते, आणि प्रत्येक वाटेवर एक झडप पहारा करीत असते.

हा पहारा केवढा महत्त्वाचा आहे हें एका सोप्या प्रयोगानें कळेल. एका रिकाम्या डब्यास तळाशीं खिळ्यानें भोंक पाडा व तो डबा पाण्यानें भरलेल्या बादलींत उभा दाबा. भोंकांतून पाण्याची चिळकांडी आंत उडेल, आणि डबा जसजसा खोल दाबाल तसतशी ती अधिक जोरानें उडेल. एक घनमीटर समुद्राचें पाणी सुमारें १,०२५ किलो भरतें. म्हणून १० मीटर खोलीवर दर चौरस मीटरावर दहा टनांहून अधिक भार पडतो. पाण्याच्या पृष्ठभागाखालीं ५ मीटरांवर जहाजास केवळ १० सेंटिमीटर व्यासाचें भोंक मोकळें राहिलें, तर गणितानें असें निघतें कीं दर सेकंदास सुमारें ४५ लिटर, म्हणजे तासाला १६० टनांच्या वर पाणी आंत येईल. गणिताची आवड असलेल्या मुलांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा.

आतां झडपांचे मुख्य प्रकार पाहूं. पहिला प्रकार चाकाच्या झडपेचा. हिच्या पोटांत एक वाटोळी बैठक असते, तिच्यावर एक तबकडी बसते, व ती तबकडी आट्यांच्या दांड्यानें वरखालीं होते. दांड्याच्या टोकास असलेलें चाक घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविलें असतां झडप बंद होते, उलट फिरविलें असतां उघडते. दुसऱ्या प्रकारांत तबकडीऐवजीं एक फळी दारासारखी प्रवाहाच्या आड सरकते. ती पूर्ण उघडली असतां वाटेंत कांहींच अडथळा राहत नाहीं, म्हणून मोठ्या नळांवर ही बसवितात. तिसरा प्रकार आपल्या भात्याच्या झडपेचा, म्हणजे एकाच दिशेनें वाट देणारा. जहाजाच्या तळाशीं सांचलेलें घाण पाणी पंपानें बाहेर काढतात. त्या नळांवर अशी झडप नसेल तर जी वाट पाणी बाहेर टाकण्यासाठीं केली त्याच वाटेनें समुद्र आंत येईल. चौथा प्रकार दाब कमी करणाऱ्या झडपेचा. तिच्या एका बाजूस जबरदस्त दाबाची हवा किंवा वाफ असते व दुसऱ्या बाजूस कामापुरतीच सोडली जाते.

पांचवा प्रकार रक्षक झडपेचा, आणि तिचा इतिहास मनोरंजक आहे. देनी पापें नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ च्या सुमारास झांकण घट्ट बसविलेलें एक भांडें तयार केलें. त्यांत वाफेच्या दाबाखालीं हाडेंसुद्धां मऊ शिजत. परंतु दाब फार वाढला तर भांडें फुटेल, ही भीति होतीच. म्हणून त्यानें झांकणावरील एका भोंकावर झडप ठेवून तिच्यावर तरफेच्या योगानें वजन टांगलें. वाफेचा जोर वजनापेक्षां अधिक झाला कीं झडप आपोआप उचलली जाई व वाफ निघून जाई. तुमच्या घरच्या प्रेशर कुकरची शिटी ही त्याच झडपेची नात होय. पुढें आगबोटींच्या बॉयलरांवर हीच झडप आली. कांहीं उतावळे लोक बोट अधिक वेगानें धांवावी म्हणून तिच्यावर जास्त वजन ठेवीत किंवा ती बांधून टाकीत, आणि त्याचा परिणाम बॉयलर फुटण्यांत होई. म्हणून पुढें कोणास हात लावतां येऊं नये अशा, कुलूपबंद स्प्रिंगच्या झडपा प्रचारांत आल्या.

झडप कोणत्या धातूची करावी हाहि मोठा प्रश्न आहे. समुद्राचें खारें पाणी लोखंडास खातें. साधी पितळहि तेथें फार दिवस टिकत नाहीं. तिच्यांतील जस्त हळूहळू निघून जातें व मागें ठिसूळ, सच्छिद्र तांबें उरतें. वरून पाहणारास झडप जशीच्या तशी दिसते, पण तिच्यांतील बळ गेलेलें असतें. म्हणून आरमारी कामासाठीं १०० भागांत ८८ भाग तांबें, १० भाग कथील व २ भाग जस्त असलेली मिश्र धातु पूर्वींपासून वापरीत आले. इंग्रजींत तिला गनमेटल म्हणजे तोफेची धातु असें नांव आहे, कारण एके काळीं तोफा अशाच धातूच्या ओतीत. दांडा झडपेंतून जेथें बाहेर येतो तेथें गळती होऊं नये म्हणून पॅकिंग भरतात. पूर्वीं तें ॲस्बेस्टॉसचें असे; परंतु त्याची धूळ फुप्फुसांस घातक ठरल्यामुळें १ जानेवारी २०११ पासून जहाजांवर तें नव्यानें बसविण्यास आंतरराष्ट्रीय नियमानें बंदी आहे.

ह्या विद्येशीं आपल्या मुंबईचा संबंध जुना आहे. ‘ह्यू लिंडसे’ नांवाची आगबोट १८२९ सालीं मुंबईच्या गोदींत पाण्यांत लोटली गेली, व १८३० सालीं ती वाफेच्या बळावर मुंबईहून सुएझपर्यंत गेली. त्याच गोदीच्या प्रसिद्ध वाडिया घराण्यांतील अर्देशिर कर्सेटजी ह्यांनीं बाष्पयंत्रांचा सखोल अभ्यास केला. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. आणि माझगांवच्या गोदींत बांधलेली ‘कलवरी’ ही पाणबुडी डिसेंबर २०१७ मध्यें भारतीय आरमारांत दाखल झाली.

पाणबुडीचा उल्लेख आला, तेव्हां एका लहानशा तोटीची गोष्ट सांगणें अवश्य आहे.

इंग्लंडांत बर्कनहेड येथें बांधलेली ‘थेटिस’ नांवाची नवी पाणबुडी १ जून १९३९ रोजीं बुडी मारण्याच्या परीक्षेसाठीं लिव्हरपूलच्या उपसागरांत गेली. तिच्यावर १०३ माणसें होतीं. त्यांत खलाशी होते, अधिकारी होते, आणि ती बांधणारे कारागीरहि होते. दुपारीं टांक्यांत पाणी घेतलें तरी पाणबुडी खालीं जाईना. ती अपेक्षेपेक्षां हलकी होती. पुढच्या भागांत टॉर्पेडो सोडण्याच्या सहा नळ्या होत्या. त्यांपैकीं पांचवी व सहावी पाण्यानें भरलेली असावी असें कागदावर लिहिलें होतें. त्या खरोखर भरल्या आहेत कीं नाहींत हें पाहणें प्राप्त झालें.

अशा प्रत्येक नळीस दोन दारें असतात : एक बाहेर समुद्राकडे, एक आंत. दोन्ही एकदम उघडलीं तर समुद्र सरळ आंत येणार हें उघडच आहे. म्हणून आंतल्या दारावर एक लहानशी परीक्षेची तोटी बसविलेली असते. ती फिरविली असतां पाणी आलें तर नळी भरलेली. न आलें तर ती रिकामी असें समजावयाचें. अधिकाऱ्यानें तोटी फिरविली. पाणी आलें नाहीं. पहिल्या चार नळ्यांचीं दारें एकामागून एक उघडलीं, त्या नळ्या कोरड्या होत्या. मग पांचवीचें दार उघडलें, आणि समुद्र आंत घुसला. कारण तिचें बाहेरील दार उघडें होतें.

मग तोटींतून पाणी कां आलें नाहीं? नळीस आंतून गंज चढूं नये म्हणून डांबरी रंग लाविला होता. त्या रंगानें तोटीचें बारीक भोंक बुजून गेलें होतें. तें मोकळें करण्यासाठीं एक सळई दिलेली होती, पण ती वापरली गेली नाहीं. पुढील दोन खोल्या पाण्यानें भरून गेल्या, कारण मधलें दार घाईंत नीट लागेना. पाणबुडीचें नाक सुमारें ४६ मीटर खोल तळास टेकलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिची शेपटी पाण्यावर दिसत होती. मदतीस आलेलीं जहाजें जवळ होतीं. तरीहि केवळ चार जण बाहेर पडूं शकले. बाकीचे ९९ लोक मरण पावले, त्यांपैकीं बहुतेक आंतील हवा दूषित होऊन.

ही पाणबुडी पुढें वर काढण्यांत आली, व ‘थंडरबोल्ट’ ह्या नव्या नांवानें १९४० सालीं पुनः आरमारांत घेतली गेली. १४ मार्च १९४३ रोजीं सिसिलीजवळ युद्धांत ती सर्व खलाशांसह बुडाली. परंतु पहिल्या अपघातानें एक सुधारणा मागें ठेविली. नळीच्या आंतील दारास एक अडकवण बसविण्यांत येऊं लागली. तिच्यामुळें दार आधीं केवळ फटीएवढेंच उघडतें. फटींतून पाणी आलेंच तर दार पुनः लावतां येतें. ह्या अडकवणीस आजहि ‘थेटिस’चेंच नांव आहे.

विद्यार्थिमित्रहो, ह्या गोष्टींत कोणी दुष्ट मनुष्य नाहीं. रंग लावणारानें आपलें काम केलें, तोटी पाहणारानेंहि आपलें काम केलें. चूक कोठें झाली तें नीट विचार करून पाहा. तोटीनें पाणी दिलें नाहीं, म्हणजे नळींत पाणी नाहीं, असें अनुमान काढण्यांत आलें. वास्तविक पाणी न येण्याचीं कारणें दोन होतीं : एक, नळी रिकामी असणें, दुसरें, तोटीच बंद असणें. जी परीक्षा ह्या दोहोंत भेद दाखवूं शकत नाहीं ती परीक्षाच नव्हे. उत्तर मिळण्यापूर्वीं उत्तर देणारें साधन तपासून घेतलें पाहिजे, आणि त्यास दोन क्षण व एक सळई पुरी होती.

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंतहि असे प्रसंग रोज येतात. तराजूचा कांटा हलला नाहीं म्हणजे वजन बरोबर, असें मानण्यापूर्वीं कांटा मोकळा आहे कीं अडकला आहे तें पाहावें. दिवा लागला नाहीं म्हणजे तारेंत वीज नाहीं, असें समजून तारेस हात लावूं नये. कदाचित् दिवाच गेलेला असेल. पालकांनींहि हें ध्यानांत ठेवावें कीं घरांतील कुकरची झडप बुजलेली असली तर शिटी न वाजणें हें सुखाचें लक्षण नव्हे. ती दर वेळीं प्रकाशाकडे धरून तिचें भोंक पाहण्यास फारसा वेळ लागत नाहीं.

तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें गोदींत, कारखान्यांत किंवा जहाजावर कामास जातील. तेथें तुमच्या हातीं कदाचित् मोठें यंत्र न येतां एखादी बोटाएवढी तोटी येईल. ती साफ करतांना हें काम क्षुद्र आहे असें मनांत येऊं देऊं नका. तिच्या पलीकडे समुद्र असतो, आणि अलीकडे माणसें असतात.