पोटाचे वेळापत्रक

प्रस्तावना

ताप आला किंवा दाढ दुखू लागली, तर आपण ते चारचौघांत सहज सांगतो. 'पोट साफ होत नाही' हे मात्र घरच्या माणसालाही दबक्या आवाजातच सांगितले जाते. या संकोचामुळे दुखणे अंगावर काढले जाते, किंवा जाहिरातीत पाहिलेले एखादे चूर्ण कुणालाही न विचारता वर्षानुवर्षे चालू राहते. वास्तविक, बद्धकोष्ठाचे कारण पुष्कळदा आपल्या दिनक्रमातच दडलेले असते, आणि त्यावरचा उपायही तेथेच सापडतो. प्रस्तुत पाठात आपण त्याचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• बद्धकोष्ठ म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
• आहार, पाणी, हालचाल आणि वेळेची सवय यांचे महत्त्व स्पष्ट करता येईल;
• घरगुती उपायांच्या मर्यादा ओळखता येतील;
• डॉक्टरांचा सल्ला केव्हा घ्यावा, हे ठरवता येईल.

मूलपाठ

१. बद्धकोष्ठ म्हणजे काय?

'बद्ध' म्हणजे बांधलेला आणि 'कोष्ठ' म्हणजे कोठा, अर्थात पोट. या विकाराला मलावरोध असेही म्हणतात. रोज सकाळी शौचास झालेच पाहिजे, नाहीतर काहीतरी बिघडले, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत कोणतेही प्रमाण निरोगी माणसात आढळू शकते. शौचास याहून कमी वेळा होणे, मल खड्यासारखा कठीण असणे, फार कुंथावे लागणे, किंवा जाऊन आल्यावरही पोट मोकळे न वाटणे, ही बद्धकोष्ठाची लक्षणे होत.

असे का होते? पचलेल्या अन्नाचा उरलेला भाग मोठ्या आतड्यात येतो. हे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. येथे त्या भागातील पाणी शोषले जाते. मल जितका अधिक काळ येथे रेंगाळतो, तितका तो कोरडा आणि कठीण होत जातो. म्हणून मलात पुरेसा चोथा असावा, ओलावा असावा आणि तो वेळेवर पुढे सरकावा, या तीन गोष्टी साधल्या की पोटाची तक्रार बहुधा उरत नाही.

२. हाक आली की उठावे

काही खाल्ले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. सकाळच्या न्याहारीनंतर ही हालचाल विशेष जाणवते. त्या वेळी दहा मिनिटे निवांत मिळाली, तर शरीराला हळूहळू वेळेची सवय लागते. परंतु नेमक्या याच वेळी आपल्याला गाडी पकडायची असते, मुलांचे डबे भरायचे असतात किंवा सार्वजनिक नळावर पाण्याचा नंबर लावायचा असतो. शरीराने दिलेली हाक आपण परतवून लावतो. वारंवार असे केल्यास ती जाणीवच मंद होत जाते.

आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय शरीराचे वेग रोखू नयेत, हे सांगण्यासाठीच आहे. त्यात तेरा वेगांची गणना केली आहे आणि मलाचा वेग त्यांपैकी एक आहे.

मात्र वेग रोखणे हा नेहमीच आळसाचा भाग नसतो. बांधकामावर राबणारी स्त्री, बाजारात दिवसभर पाटी घेऊन बसणारी भाजीवाली, लांबच्या पल्ल्याचा ट्रकचालक, यांना जवळपास स्वच्छ शौचालय मिळतेच असे नाही. जेथे घरात शौचालय नाही, तेथे स्त्रिया अंधार पडण्याची वाट पाहतात आणि दिवसा जावे लागू नये म्हणून पाणीही कमी पितात. अशा व्यक्तीला केवळ 'पाणी भरपूर प्या' असे सांगून काय उपयोग? घरात आणि कामाच्या जागी पाण्याची सोय असलेले, आतून कडी लावता येणारे शौचालय असणे, हा बद्धकोष्ठावरील उपायांचाच एक भाग आहे.

बसण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. उकिडवे बसल्याने मलमार्गातील बाक कमी होतो आणि जोर कमी लावावा लागतो. खुर्चीसारखे शौचपात्र असल्यास पायांखाली लहान पाट घ्यावा आणि किंचित पुढे झुकून बसावे.

३. ताटातला चोथा

धान्य, भाज्या व फळे यांतील जो तंतुमय भाग आपल्याला पचवता येत नाही, त्याला चोथा म्हणतात. न पचणे हाच त्याचा गुण! तो पाणी धरून ठेवतो, मलाला आकारमान देतो आणि त्याला पुढे सरकण्यास मदत करतो. प्रौढ माणसाच्या आहारात दररोज किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ असावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले आहे.

यासाठी महागड्या वस्तूंची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, कोंडा न काढलेल्या कणकेची पोळी, सालीसकट मूग, मटकी, हरभरे, गवार, पालेभाज्या, पेरू, पपई हे सारे चोथायुक्त पदार्थ आहेत. भिजवलेल्या मनुका आणि सुके अंजीरही उपयोगी पडतात. याउलट मैद्याची बिस्किटे, पाव, शेव-फरसाण यांत चोथा अल्प असतो. कामाच्या गडबडीत दोन्ही वेळचे जेवण चहा-बिस्किटांवर भागवणाऱ्याचे पोट तक्रार करणारच.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चोथा एकदम वाढवल्यास पोट फुगते व वात धरतो, म्हणून तो दोन-तीन आठवड्यांत क्रमाक्रमाने वाढवावा. तसेच त्याच्या जोडीला पाणी, ताक, वरण असे द्रवपदार्थ हवेतच. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच पाणी प्यावे. दिवसभर बसून काम करणाऱ्यांनी रोज अर्धा तास चालावे. शरीर हलते राहिले की आतड्यांच्या हालचालीलाही मदत होते.

४. इसबगोल आणि एरंडेल

इसबगोल हे नाव फारसी भाषेतून आपल्याकडे आले. त्याच्या बीचा आकार घोड्याच्या कानासारखा दिसतो, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेश या राज्यांत त्याचे पीक घेतात. या बीचे टरफल, म्हणजेच इसबगोलाचा भुसा, पाण्यात फुगून मल मऊ करतो. तो पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी घ्यावे. कोरडा भुसा कधीही गिळू नये; तो घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकतो.

एरंडेलाची गोष्ट निराळी. 'एरंडेल प्याल्यासारखे तोंड करणे' हा वाक्प्रचार त्याच्या चवीची साक्ष देतो. हे तेल आतड्यांना चेतवून जुलाब घडवते. गर्भवती स्त्रीने ते घेऊ नये. बाजारातील अनेक चूर्णांत सोनामुखी असते. तीही आतड्यांना चेतवण्याचेच काम करते. अशी औषधे कधीमधी घेणे वेगळे. ती मनाने नित्य घेत राहिल्यास पोटात कळा येतात, जुलाब होतात, शरीरातील पाणी व क्षार यांचे प्रमाण बिघडू शकते, आणि मूळ कारण तसेच राहते. वनस्पतीपासून बनलेले औषध म्हणजे निर्धोक औषध, असे समजू नये.

५. डॉक्टरांकडे केव्हा जावे?

लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके, गर्भावस्था, मधुमेह, थायरॉईड ग्रंथीचे मंदावलेले कार्य, यांमुळेही बद्धकोष्ठ होते. चालू असलेल्या गोळ्या मात्र आपण होऊन बंद करू नयेत. मलावाटे रक्त पडणे, कारणाविना वजन घटणे, पंडुरोग आढळणे किंवा उतारवयात शौचाची सवय अचानक बदलणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना भेटावे. रक्त दिसले की 'मूळव्याधच असेल' असे घरीच ठरवून टाकू नये. आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडू शकते. पोटात तीव्र वेदना, उलट्या, पोटाला तडस लागणे आणि वातही न सरणे, असे एकत्र घडल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. अशा वेळी जुलाबाचे औषध घेणे धोक्याचे आहे.

लाज धरून दुखणे लपवल्याने ते वाढते. जे मोकळेपणाने बोलता येते, त्यावर वेळीच उपाय करता येतो.

शब्दार्थ

मलावरोध – शौचास साफ न होणे
कुंथणे – शौचाच्या वेळी जोर लावणे
वेग – शरीराची नैसर्गिक प्रेरणा
पंडुरोग – रक्तक्षय, अंगात रक्त कमी असणे
तडस – पोट ताणले जाऊन होणारी वेदना

स्वाध्याय

१. मल कोरडा व कठीण का होतो, ते थोडक्यात लिहा.
२. 'शौचालयाची सोय हा आरोग्याचा प्रश्न आहे.' पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. इसबगोल घेताना कोणती काळजी घ्यावी?
४. तुमच्या कालच्या जेवणातील पदार्थ लिहून काढा. त्यांपैकी चोथायुक्त पदार्थ कोणते, ते सांगा आणि त्यांत कोणती भर घालता येईल याचा विचार करा.
५. 'पोट' या शब्दावरून तयार झालेले तीन वाक्प्रचार लिहून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.