चाळीस आणि शंभर

वेल्ह्याच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून ज्याने उभी हयात गावनमुने आणि फेरफार तपासण्यात घालविली, त्याला म्हातारपणी मापांचा धडा नव्याने घ्यावा लागेल, असे माझ्या ओळखीच्या कुणासही वाटले नसते. एकरात ४० गुंठे आणि हेक्टरात १०० आर. गुंठा व आर जवळजवळ सारखेच, परंतु हेक्टर मात्र एकराच्या सुमारे अडीचपट, हा हिशेब मी भोर-वेल्ह्याच्या असंख्य खातेदारांना समजावून दिलेला आहे. तोच हिशेब इन्सुलिनवर स्वच्छ अक्षरांत छापलेला असताना मी तो वाचला नाही आणि त्यापायी प्राणावर बेतले, म्हणून ही कैफियत.

गोळ्यांनी भागेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी मला सकाळी १६ आणि रात्री १० युनिट असे मिश्र इन्सुलिन लावून दिले होते. पुढे एका आषाढात, भाटघरच्या जलाशयाकाठी आमच्या गावी भाताच्या लावणीची घाई चाललेली असताना, घरातली बाटली संपली. पुण्याहून येणाऱ्या एका आप्ताने त्याच नावाचे औषध आणले खरे, पण ते पेनमध्ये बसवावयाच्या कार्ट्रिजमधले होते. नाव तेच, दुधट रंगही तोच. पेन घरात नव्हते, म्हणून मी नेहमीच्या सिरिंजने त्यातूनच १६ च्या खुणेपर्यंत औषध ओढून टोचून घेतले आणि न्याहारीला अजून अवकाश आहे असे पाहून खाचरावर निघून गेलो.

अंगाला सुटलेला घाम त्या पावसात मला कळलाच नाही. हात कापू लागले, रोपांची मूठ गळून पडली, डोळ्यांपुढे धूसर झाले. मी थोरल्या मुलाला त्याच्या दिवंगत चुलत्याच्या नावाने हाक मारली, तेव्हा तो घाबरला. पत्नीने साखरेचे पाणी पाजले, थोडी हुशारी आली, परंतु तासाभरात पुन्हा तेच. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तातली साखर ३८ भरली, आणि सलाईनमधून ग्लुकोज देत मला दुसऱ्या दिवसापर्यंत नजरेखाली ठेवावे लागले. तेथील परिचारिकेने कार्ट्रिज हातात घेऊन एवढेच विचारले, “काका, यावर काय लिहिलंय ते बघितलंत का?”

त्यावर १०० लिहिले होते. आमच्या नित्याच्या बाटलीत एका मिलिलिटरात ४० युनिट असतात, त्या कार्ट्रिजमध्ये १०० होती. तेव्हा चाळीसच्या सिरिंजवर १६ ची खूण गाठताना मी वस्तुतः ४० युनिट घेतली होती. युनिट हे द्रवाचे माप नव्हे, औषधाच्या सामर्थ्याचे माप आहे. १९२१ साली टोरँटोत बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन हाती आणल्यावर त्याचे युनिट सशाच्या रक्तातली साखर किती उतरते यावरून ठरविले गेले, हे मला नंतर समजले. आधी समजते, तर ‘तेवढेच औषध घेतले’ असे मी म्हटले नसते. म्हणून माझे कळकळीचे सांगणे असे, की बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक वेळी ताडून पाहावा. आपल्याकडे चाळीसच्या सिरिंजचे टोपण लाल असते, शंभरच्या सिरिंजचे नारिंगी. आणि कार्ट्रिज हे पेनसाठीच असते, त्यातून सिरिंजने औषध ओढू नये.

चूक दुहेरी होती. मिश्र इन्सुलिनात बहुधा ३० टक्के लवकर लागू होणारे आणि ७० टक्के सावकाश, दिवसभर काम करणारे औषध असते. पहिले अर्ध्या तासात अंमल सुरू करते, म्हणून अन्न तयार असल्याशिवाय ते टोचू नये, आणि दुसरे रेंगाळते, म्हणूनच माझी साखर एकदा सावरूनही पुन्हा उतरली. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी, उणी असल्यास पुन्हा घ्यावी आणि मग जेवावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

तपासणीच्या कागदावरचे शब्दही असेच समजून घ्यावेत. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सी ६.५ टक्के वा जास्त, असे पुन्हा तपासूनही आले म्हणजे मधुमेह ठरतो. पण ही सरासरी आणेवारीसारखी असते. गावाची आणेवारी चांगली लागली, तरी ओढ्याकाठच्या एकाचे खाचर वाहून गेलेले असू शकते; माझ्या पुढच्या अहवालातही तो खाचरावरचा दिवस कोठे दिसला नाही. म्हणून घरी मोजलेले आकडे तारीख-वेळेसह वहीत टिपून डॉक्टरांपुढे ठेवावेत, आणि मात्रा आपल्या मनाने बदलू नये.

तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतून माझ्या बहिणीची जाऊ परवा आली होती. घरी फ्रीज नाही, म्हणून ती चालू बाटली पिशवीत गुंडाळून माठाशेजारी ठेवते, उन्हात किंवा चुलीजवळ कधी नाही, आणि महिना झाला की उरलेली टाकून देते. तिने बाटली व सिरिंज माझ्यापुढे ठेवली. बाटलीवर ४० होते, टोपण लाल होते. मी दोन्ही वस्तू तिच्या हाती परत दिल्या आणि भात शिजला का, ते आत विचारून आलो.