घरातील बुरशी आणि अन्ननलिकेचे विकार

ओल धरलेल्या भिंतीवरील बुरशी श्वसनाच्या विकारांना पोषक ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नमूद केले आहे. अन्ननलिकेच्या विकारांशी तिचा संबंध मात्र अद्याप सिद्ध झालेला नाही. गिळताना घास अडकत असेल, तर भिंतीला दोष देत न बसता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, हे बरे.

धान्यावरील बुरशीची गोष्ट निराळी. ती शेतातच कणसाला लागते आणि त्याच्याबरोबर घरात येते. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीने कृष्णवर्णीयांसाठी वेगळा काढलेला प्रदेश म्हणजे ट्रान्सकाय. तेथील सेंटाने भागात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे. घरच्या मक्यात फ्युझेरियम बुरशीही अधिक. १९८८ मध्ये या बुरशीतून फ्युमोनिसिन हे विष वेगळे करण्यात आले. घोड्यांच्या मेंदूला ते घातक ठरते. माणसाच्या बाबतीत ते 'संभाव्य' कर्करोगकारक, एवढेच आज म्हणता येते. तंबाखू, मद्य आणि निकृष्ट आहार हेही तेथे होतेच.

ज्याच्या घरी मकाच पुरेसा नाही, त्याने बुरसटलेले कणीस फेकावे कसे? इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न विषाच्या नावाहून मोठा वाटतो. सेंटानेतील घरांत एक साधा उपाय करून पाहण्यात आला : खराब दाणे निवडून काढून उरलेले पाण्याने धुणे. त्याने विषाचे प्रमाण बरेच घटले.