चित्रफितीचे संपादन व त्याची साधने

शुभवर्तमानात बुरूज बांधणाऱ्याचा एक लहानसा दृष्टान्त आहे. बुरूज बांधावयास निघालेला शहाणा मनुष्य आधी खाली बसून खर्चाचा अंदाज घेतो. कारण पाया घालून काम अर्धवट राहिले, तर पाहणारे हसतात. आज घरोघरी मुले मोबाईलवर चित्रफिती घेऊ लागली आहेत आणि ‘संपादनासाठी मोठा संगणक हवा’ असा हट्ट पालकांच्या कानी पडू लागला आहे. अशा वेळी हप्त्याने महाग यंत्र घेऊन ते कोपऱ्यात धूळ खात पडले, तर पैसा जातो आणि मुलाचा उत्साहही जातो. म्हणून प्रारंभ करणारास खरोखर काय लागते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

पहिला प्रश्न यंत्राचा नव्हे, कामाचा आहे. उदाहरणादाखल आपल्या जासई गावचेच एक काम घेऊ. शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी याच गावी झाला. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध त्यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार होऊन पाच जणांना हौतात्म्य आले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले, ते याच लढ्याचे फळ होय. त्या वेळी विशीत असलेले तरुण आज साठी ओलांडून गेले आहेत. चाळिशीतले होते ते ऐंशीच्या पुढे आहेत. तो लढा आणि त्यापूर्वीची भातशेती व मिठागरे यांविषयी त्यांच्याच तोंडून ऐकून ठेवावयाचे असेल, तर फार काळ वाट पाहता येणार नाही. ओटीवर बसून आजोबा बोलत आहेत, एवढेच चित्र. त्यांचे बोलणे एक तास टिपावयाचे आणि त्यातून दहा मिनिटांची चित्रफीत करावयाची. एवढ्या कामास काय लागेल?

संपादन म्हणजे निवड. काय ठेवावे, काय गाळावे, कशामागून काय यावे, हे ठरविणे म्हणजे संपादन. आणि ही समज कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. दादासाहेब फाळके यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९१२ साली त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. परंतु मोठे चित्र एकदम हाती घेतले नाही. कुंडीतील वाटाण्याचे रोप कसे वाढते, हे त्यांनी एकेक चित्र टिपून प्रथम दाखविले आणि त्या लहानशा प्रयोगाच्या बळावर भांडवल मिळविले. त्यानंतर ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर आपल्या सहकाऱ्यांसह कॅमेरा स्वतःच तयार केला, आणि त्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ १९२० साली लोकांपुढे आला. साधने तोकडी असताही काम आरंभिता येते, मात्र आरंभ लहान असावा, हाच यातील बोध.

आता थोडे गणित करू. पडद्यावरील चित्र हे ठिपक्यांचे असते. ज्याला आपण ‘फुल एचडी’ म्हणतो, त्यात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. ‘फोर-के’ म्हणजे ३८४० गुणिले २१६०. हे ठिपके बरोबर चौपट. अशी चित्रे दर सेकंदास २५ किंवा ३० सरकतात. सामान्य मोबाईलवर फुल एचडीचे एक मिनिट सुमारे १३० एमबी जागा घेते, असे धरले तर एका तासास सुमारे ८ जीबी होतात. फोर-केला याच्या अडीच-तीन पट जागा लागते. ओटीवर बसलेल्या आजोबांचे बोलणे फुल एचडीत उत्तम दिसते. ‘फोर-के’चा मोह टाळला, तर संगणकावरील निम्म्याहून अधिक भार उगमापाशीच हलका होतो.

तरीही जुना संगणक चित्रफीत दाखविताना अडखळतो, ते का? जागा वाचावी म्हणून मोबाईल प्रत्येक चित्र पूर्ण साठवीत नाही. मधूनमधून एखादे चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत काय बदलले, तेवढेच टिपतो. त्यामुळे मधलेच एखादे चित्र पाहावयाचे, तर संगणकास मागच्या पूर्ण चित्रापासून सारी जुळवाजुळव करावी लागते. यावर सुंदर उपाय आहे, त्याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. सॉफ्टवेअर मूळ चित्रफितीची लहान, हलकी प्रत करून देते; कापाकापी त्या प्रतीवर करावयाची; आणि अखेरीस तयार चित्रफीत बाहेर काढताना सॉफ्टवेअर मूळ चित्रेच वापरते. नवा संगणक घेण्यापूर्वी घरी असलेल्या संगणकावर हा उपाय करून पाहावा, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे.

सॉफ्टवेअरसाठी प्रारंभी एक रुपयाही खर्चण्याचे कारण नाही. ‘शॉटकट’ व ‘केडेनलाइव्ह’ ही दोन्ही मुक्त व मोफत आहेत. विंडोजवर चालतात, लिनक्सवरही चालतात, आणि चित्रावर आपला शिक्का उमटवीत नाहीत. दोहोंत प्रॉक्सीची सोय आहे. ‘दाविंची रिझॉल्व्ह’ हे व्यावसायिकांचे साधन. त्याचीही मोफत आवृत्ती आहे व ती फार समर्थ आहे. परंतु तिला १६ जीबी रॅम व चांगले ग्राफिक्स कार्ड लागते; म्हणून ती दुसरी पायरी समजावी. ॲपलचा संगणक घरी असेल, तर ‘आयमूव्ही’ त्यावर विनामूल्य मिळते. ‘ॲडोबी प्रीमियर’ हे नामांकित खरे, पण त्याची वर्गणी भरीत राहावे लागते. वर्गणी थांबली की काम थांबते, हे पालकांनी ध्यानी घ्यावे. चोरून उतरविलेले सॉफ्टवेअर मात्र घरात आणू नये. ते अधर्माचे तर आहेच, शिवाय त्याबरोबर संगणकात विषाणू शिरण्याचे भय असते.

संगणक घ्यावयाचाच ठरला, तर कोणता? कार्यालयांतून वापरून काढलेले व दुरुस्त करून विकलेले डेस्कटॉप पनवेलात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. त्याच किमतीच्या लॅपटॉपपेक्षा ते बहुधा अधिक समर्थ असतात, आणि पुढे त्यांत रॅम वाढविता येते. मात्र वीज जाणाऱ्या गावी डेस्कटॉपला यूपीएस जोडावा लागतो. त्याचा खर्च हिशेबात धरावा. ज्याला यंत्र घेऊन हिंडावयाचे आहे, त्याने लॅपटॉप घ्यावा. पण त्याची रॅम वाढविता येते की नाही, हे आधी विचारावे. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा असावा. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली, आणि त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्याहून जुने यंत्र घरी असेल, तर ते फेकू नये. त्यावर लिनक्स व केडेनलाइव्ह घालून शिकता येते. रॅम ८ जीबीत काम निभते, १६ जीबीत सुखाने होते. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असावी. तिच्यामुळे जुने यंत्रही चपळ होते.

दुकानात जाताना आपल्याच मोबाईलवर घेतलेली पाच मिनिटांची चित्रफीत पेनड्राइव्हवर न्यावी आणि तेथेच चालवून पाहावी. यंत्र अडखळते का, तापते का, पंखा घरघरतो का, हे स्वतः पाहावे. हमीचा शब्द तोंडी न घेता पावतीवर लिहून घ्यावा. ‘इतके बाकी आहेत, आजच घ्या’ असे सांगणाऱ्यापुढे घाई करू नये.

खर्च वाचवावयाचा, तरी दोन गोष्टींत वाचवू नये. पहिली आवाजाची. चित्र किंचित अंधुक असले तर लोक सोसतात. शब्द ऐकू आले नाहीत तर उठून जातात. कॉलरला लावावयाचा साधा मायक्रोफोन व कानावरचा हेडफोन यांनी जे साधते, ते महाग ग्राफिक्स कार्डाने साधत नाही. दुसरी गोष्ट साठवणीची. मूळ चित्रीकरण कधीही एकाच ठिकाणी ठेवू नये. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क शक्य तर दुसऱ्या घरी ठेवावी. जागा नाही म्हणून मूळ पुसून टाकले आणि वर्षभरात ते आजोबाही गेले, तर जगातील कोणताही संगणक तो आवाज परत आणू शकणार नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. कात्री फुकट मिळाली तरी ती चालविण्याची जबाबदारी फुकट मिळत नाही. समजा, एखादे आजोबा म्हणाले, ‘जमीन द्यावयास आमची ना नव्हती, पण मोल न्यायाचे हवे होते.’ यातील उत्तरार्ध कापला, तर सारा लढाच नाहीसा होतो आणि आजोबांच्या तोंडी त्यांचे नसलेले मत जाते. शब्द त्यांचेच, आवाज त्यांचाच, तरी चित्रफीत खोटी! म्हणून टिपण्यापूर्वी त्यांची अनुमती घ्यावी, आणि तयार झालेली चित्रफीत गावास दाखविण्यापूर्वी त्यांना दाखवावी. ‘माझे म्हणणे हेच होय,’ असे ते म्हणाले, म्हणजे संपादन पुरे झाले असे समजावे.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुट्टीत हाती असलेल्या मोबाईलवर आणि मोफत सॉफ्टवेअरवर दोन मिनिटांच्या तीन चित्रफिती पुऱ्या करा. पालकहो, त्या तीन पुऱ्या झालेल्या पाहा आणि मगच पेटीला हात घाला. ज्याने तीन लहान कामे तडीस नेली, त्याच्यासाठी केलेला खर्च सहसा वाया जात नाही. आणि ज्याची पहिलीच अर्धी राहिली, त्याला मोठे यंत्र तारीत नाही. गावच्या ओट्यांवर बोलणारी माणसे आज आहेत. त्यांचे बोलणे शुद्ध, पुरे आणि जपून ठेवलेले असे पुढच्या पिढीच्या हाती पडावे, एवढ्यासाठीच ही सारी साधने आहेत.