नव्या शहराची ओळख : वही, कॅमेरा आणि थोडा धीर

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहायला आल्यावर पहिली दोन वर्षे मी घर, सेव्हन ट्रेन आणि ऑफिस यापलीकडे काही पाहिलेच नाही. "इथल्या लोकांना माया नाही, सगळे आपले पळत असतात," हे माझे ठरलेले वाक्य. एके दिवशी लेकीने विचारले, "आई, तू यांतल्या किती जणांशी बोललीस?" मला उत्तर देता येईना.

मग ग्रंथालयातून पुस्तके आणली. लोकांत मिसळून त्यांचे रोजचे जगणे पाहणे, विचारणे आणि लिहून ठेवणे म्हणजे एथ्नोग्राफी. त्याला छायाचित्रांची व चित्रफितींची जोड दिली की झाले दृश्य मानवशास्त्र. आपल्याला हे परके नाही. इरावती कर्वे वारीत स्वतः चालल्या आणि 'वाटचाल' हा लेख लिहिला. भजन एकत्र, पण जेवण जातीनुसार वेगळे, हे त्यांना चालता चालताच दिसले.

न्यूयॉर्कमध्ये असेच काम विल्यम व्हाइट यांनी केले. १९७० च्या दशकात त्यांनी इथल्या चौकांवर कॅमेरे रोखून तासन् तास चित्रण केले. १९८० साली त्यावर पुस्तक आणि चित्रपट आला. निष्कर्ष अगदी साधे होते. जिथे बसायला जागा, तिथे माणसे जमतात. हलवता येणारी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती उगीचच थोडी सरकवतो. आणि गप्पा मारणारे बाजूला न होता ऐन वर्दळीतच उभे राहतात! त्यांच्या कामामुळे १९७५ मध्ये शहराने अशा चौकांचे नियमही बदलले.

मी रूझवेल्ट अॅव्हेन्यूवरचा, ७४ व्या रस्त्याजवळचा एक कोपरा निवडला. डोक्यावर धडधडणारी ट्रेन, एका बाजूला साड्यांची दुकाने, दुसरीकडे तिबेटी मोमो आणि समोर टमाले विकणारी एक बाई. दर रविवारी सकाळी तासभर तिथे थांबायचे, असे ठरवले. पहिल्याच दिवशी वहीत लिहिले, "एक माणूस आला, पैसे दिले, पुडी घेतली, अवाक्षर न बोलता गेला. तुसडा." आणि न विचारताच फोटो काढला. त्या बाईने चटकन तोंड फिरवले.

घरी येऊन वाचले, तेव्हा कारण कळले. १९८३ मध्ये शहराने फेरीवाल्यांच्या परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. तेव्हापासून कित्येकांना परवान्याविनाच धंदा करावा लागला. त्यांच्या लेखी अनोळखी कॅमेरा म्हणजे दंडाची भीती. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

पुढच्या रविवारी कॅमेरा घरी ठेवला, टमाले घेतले, मोडक्या स्पॅनिशमध्ये माफी मागितली. महिनाभराने तिनेच फोटो काढायला सांगितला. त्याची प्रत दिली, तेव्हा स्वतःकडे न पाहता तिने मागे उभ्या असलेल्या त्या 'तुसड्या' माणसावर बोट ठेवले. तो रात्रपाळी करून येतो, रोज दोनच घेतो, तिखट. तिला ते ठाऊक असते, मग बोलायचे कशाला?

मी गप्पच झाले. आमच्या गावी चहाच्या टपरीवर माझ्या वडिलांना तरी कुठे काही सांगावे लागे? ज्याला मी तुटलेपण समजत होते, ती तर ओळख होती!

मुलांबरोबर हा अभ्यास करायचा असेल, तर चार गोष्टी पाळा :

१. एकच जागा निवडा आणि पुन्हा पुन्हा जा.
२. वहीच्या डाव्या पानावर 'दिसले ते' आणि उजव्या पानावर 'वाटले ते' लिहा. माझा 'तुसडा' उजव्या पानावर हवा होता.
३. विचारल्याशिवाय फोटो नको.
४. काढलेला फोटो त्या माणसाला दाखवा आणि "यात काय चालले आहे?" असे त्यालाच विचारा.

सुरुवात आपल्या मंदिरापासूनच करा. आरती झाल्यावर मोठी माणसे गप्पांसाठी कुठे थांबतात ते मुलांना टिपायला सांगा. ऐन दारात, चपलांच्या ढिगाऱ्यात! "बाजूला व्हा" म्हणण्याआधी एक फोटो घ्या. अर्थात, विचारून.

गणपती बाप्पा मोरया!