गाडीचा उशीर आणि धंद्याचा हिशेब

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, आपला सगळा व्यवहार वायद्यावर चालतो. अमुक तारखेला माल देतो, तमुक तारखेला पैसे देतो, असे म्हणायचे आणि तसे करायचे. ज्याचा वायदा पक्का त्याला बाजारात उधार मिळते, ज्याचा कच्चा त्याला रोखीनेही चांगला माल दाखवला जात नाही. रेल्वेचे वेळापत्रक हाही एक वायदाच आहे. तो किती पाळला जातो हे कसे मोजायचे आणि त्याचा आपल्या नफ्या-तोट्याशी काय संबंध आहे, ते या लेखात पाहू. माझा धंदा कापडाचा, म्हणून उदाहरणे कापडाची आहेत. फर्निचरवाले, सुटे भाग विकणारे, फळवाले यांनी त्या जागी आपला माल धरावा.

देवळालीला वाट पाहण्याची सवय जुनी आहे. इंग्रजांच्या काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथील छावणीत पडून राहत. कंटाळून त्यांचे डोके फिरे, म्हणून इंग्रजी बोलीत वेड लागलेल्याला ‘डूलाली’ म्हणू लागले. हा शब्द देवळालीवरूनच पडला. शिपायाला बसल्या जागी पगार होता, आपल्याला तो नाही.

उशीर कोणाच्या खिशातून जातो?

समजा, कॅम्पातला एक दुकानदार गुरुवारी रेल्वेने मनमाडला उतरतो आणि तेथून बसने मालेगावला जातो. त्याला अस्तराचे आणि शर्टिंगचे तागे घ्यायचे आहेत. गाडी दोन तास उशिरा मनमाडला लागली. मालेगावला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली, गोदामे बंद होऊ लागली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे मालेगावच्या यंत्रमागांची सुट्टी. आता माल शनिवारी मिळणार आणि शिलाई मशीनवर रविवारी पडणार. गाडीचा उशीर दोन तासांचा, धंद्याचा उशीर दोन दिवसांचा.

या दुकानदाराकडे तीन शिंपी नगावर काम करतात आणि प्रत्येकाची रोजची कमाई ६०० रुपये आहे, असे धरा. कापड नाही म्हणजे नग नाहीत आणि नग नाहीत म्हणजे मजुरी नाही. दोन दिवसांचे तिघांचे मिळून ३,६०० रुपये बुडाले. दुकानदाराची ऑर्डर लग्नसराईची असेल तर वरातीमागून घोडे, अशी गत होते आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरे दुकान पाहते. यातले ३,६०० रुपये कोणत्याही चोपडीत लिहिले जात नाहीत. दुकानदार ते लिहीत नाही, कारण त्याने मजुरी दिलेलीच नाही. रेल्वेच्या हिशेबात तर ते येण्याचा प्रश्नच नाही. ते जातात थेट कारागिराच्या घरातून. सर्वांत लहान माणूस सर्वांत मोठा उशीर सोसतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी.

रेल्वेचे माप आणि आपले माप

रेल्वेच्या हिशेबाप्रमाणे गाडी शेवटच्या स्थानकावर ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोहोचली की ती वेळेवर आली असे धरतात. मधल्या स्थानकांवर किती उशीर झाला तो या मापात येत नाही. शिवाय वेळापत्रक बनवताना शेवटच्या टप्प्यात काही मिनिटे जास्तीची ठेवलेली असतात, म्हणजे मागे झालेला उशीर तेथे भरून निघतो.

देवळालीहून भुसावळला जाणारी गाडी घ्या. सुमारे २६० किलोमीटरच्या या रस्त्यात आपला व्यापारी उतरतो लासलगावला, मनमाडला, चाळीसगावला. वेळ मात्र मोजली जाते भुसावळला. मनमाडला ४० मिनिटे उशिरा लागलेली गाडी भुसावळला १० मिनिटे उशिरा पोहोचली, तर कागदावर ती वेळेवर आली. तुमची बस मात्र मनमाडहून निघून गेली.

हे आपलेच रडगाणे नाही. देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांनी २०२२ साली संसदेत मांडलेल्या अहवालात रेल्वेच्या वक्तशीरपणाची तपासणी केली होती. मेल व एक्सप्रेस गाड्यांचा सरासरी वेग ताशी ७५ किलोमीटरवर नेण्याचे ठरले होते. २०१९-२० मध्ये तो ५०.६ किलोमीटर होता. मालगाड्यांचे लक्ष्य ५० होते, प्रत्यक्षात २३.६. याउलट स्वित्झर्लंडची रेल्वे किती गाड्या वेळेवर आल्या यापेक्षा किती प्रवासी वेळेवर पोहोचले हे मोजते आणि तेथे सूट फक्त ३ मिनिटांची. भरलेली गाडी उशिरा आली तर त्यांच्या हिशेबात तोटा जास्त दिसतो. आपला धडा एवढाच की, माप प्रवाशाच्या बाजूचे हवे, आणि ते आपण स्वतः ठेवू शकतो.

सरासरीचा फसवा आकडा

दोन गाड्या घ्या. पहिली रोज २० मिनिटे उशिरा येते. दुसरी दहापैकी आठ दिवस अगदी वेळेवर येते आणि दोन दिवस १०० मिनिटे उशिरा. दहा दिवसांचा एकूण उशीर दोन्हींचा २०० मिनिटे आणि सरासरी दोन्हींची २० मिनिटे. मग दोन्ही सारख्या का?

मुळीच नाही. पहिल्या गाडीसाठी पुढची बस २० मिनिटे नंतरची धरली की काम भागते. दुसऱ्या गाडीचे ते दोन दिवस कोणते हे आधी कळत नाही, म्हणून महत्त्वाचे काम असेल तर दहाही दिवस १०० मिनिटे हाताशी ठेवावी लागतात. म्हणजे दहा दिवसांत १,००० मिनिटे, जवळपास १७ तास. धंद्याला उशीर एकवेळ चालतो, बेभरवसा चालत नाही. जो गिऱ्हाईक नेहमी आठ दिवसांनी पैसे देतो त्याला आपण माल देतो. जो कधी रोख देतो आणि कधी सहा महिने तोंड दाखवत नाही, त्याच्यावर एतबार ठेवत नाही. गाडीचेही तसेच पाहावे. सरासरी विचारू नये, दहा दिवसांतला सर्वांत वाईट दिवस कोणता हे विचारावे.

उशीर का होतो?

पहिले कारण घाट. १८६५ साली खुला झालेला थळ घाट कसारा ते इगतपुरी असा चढतो आणि त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका कडक आहे. गाडीला मागून जोर देण्यासाठी जादा इंजिने लावावी लागतात. घाटात एक गाडी अडली की मागच्या सगळ्या अडतात, म्हणून मुंबईकडून येणाऱ्या गाडीचा भरवसा पावसाळ्यात कमी धरावा.

दुसरे कारण रुळांवरची गर्दी. उत्तर भारताच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि आपल्या छोट्या गाड्या त्याच रुळांवरून धावतात. मागून मोठी गाडी आली की छोटीला बाजूच्या रुळावर उभे करतात. मनमाड-जळगाव या १६० किलोमीटरच्या टप्प्यात चौथ्या मार्गाला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ती याच गर्दीमुळे.

तिसऱ्या कारणाकडे लोकांचे फारसे लक्ष जात नाही. गाडी जितक्या लांबून येते तितका उशीर सोबत आणते. १ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झालेली पंचवटी एक्सप्रेस मनमाडहून सुटते, म्हणून नाशिकच्या माणसाचा तिच्यावर जीव आहे. राज्यराणी एक्सप्रेसही आधी मनमाडहूनच सुटत असे. जानेवारी २०२० पासून ती नांदेडहून येऊ लागली. मराठवाड्याची सोय झाली हे चांगलेच झाले, पण नाशिककरांच्या दृष्टीने ती आता लांबून येणारी गाडी आहे. म्हणून दोन गाड्यांतून एक निवडायची असेल तर जी जवळून सुटते ती घ्यावी.

प्रवासी संख्येचे गणित

आता दुसरी बाजू. गाडी टिकते ती प्रवाशांमुळे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू करताना २०० किलोमीटरहून लांब धावणाऱ्या पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेस करण्याचे धोरण आले. देवळाली-भुसावळ पॅसेंजरही पुढे एक्सप्रेस झाली. बाकीच्या पॅसेंजर गाड्यांनाही एक्सप्रेसचे भाडे लागले आणि किमान तिकीट १० रुपयांवरून ३० रुपये झाले. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस या साध्या गाड्यांचे किमान भाडे पुन्हा १० रुपयांवर आले. दरम्यान चार वर्षे गेली. जवळच्या गावांना जाणारे अनेक लोक मोटारसायकल, जीप आणि बसकडे वळले.

हे चक्र असे फिरते: गाडी उशिरा येते, म्हणून प्रवासी घटतात. प्रवासी घटले की गाडीला प्रतिसाद नाही असे म्हटले जाते. मग थांबा कमी होतो किंवा गाडीच जाते. दुकानाचेही असेच होते. माल अपुरा म्हणून गिऱ्हाईक येत नाही आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून माल भरत नाही.

या चक्रात आपला एक हात आहे, तो तिकिटाचा. कोणत्या स्थानकावरून किती प्रवासी निघाले हे रेल्वेला तिकिटांवरून कळते. कॅम्पातला माणूस नाशिक रोडला जाऊन गाडीत बसला तर तो प्रवासी नाशिक रोडच्या खात्यात गेला. विनातिकीट बसला तर तो कोणाच्याच खात्यात नाही. तसेच मालाचे. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला ३५ किलो सामान मोफत नेता येते. त्यावरचे गठ्ठे रीतसर बुक करून न्यावेत. दंड वाचतो आणि स्थानकाचे उत्पन्न दिसते. देशातील पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी दानापूरला निघाली ती देवळालीहूनच, कारण येथे पाठवायला भाजीपाला आणि फळे होती. स्थानकाचा माल कागदावर दिसतो तेव्हाच त्याचे वजन पडते.

काय करावे?

१) एक छोटी वही घालावी. रकाने सहा: तारीख व वार, गाडी, उतरण्याचे स्थानक, ठरलेली वेळ, आलेली वेळ, धंद्याचे नुकसान. शेवटच्या रकान्यात नगावर काम करणाऱ्यांची बुडालेली मजुरीही लिहावी.

२) तीस दिवसांनंतर सर्वांत मोठे तीन उशीर बाजूला काढावेत. पुढचा प्रवास आखताना तेवढा वेळ हाताशी ठेवावा. मालेगावची खरेदी गुरुवारी न ठेवता मंगळवारी किंवा बुधवारी ठेवावी, म्हणजे गाडी चुकली तरी शुक्रवार आडवा येत नाही.

३) रोजच्या प्रवाशाने मासिक पास देवळालीचाच काढावा. साधारण १५० किलोमीटरपर्यंत तो मिळतो, मनमाड त्यात आरामात बसते.

४) आपल्या स्थानकावर दर महिन्याला किती तिकिटे विकली गेली, हे २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. एका गल्लीतून दहा अर्ज करण्यापेक्षा संघटनेने एक नीट अर्ज करावा.

५) भुसावळ विभागाच्या रेल्वे प्रवासी सल्लागार समितीत व्यापारी संघटनांचे प्रतिनिधी असतात. त्यांच्या हाती नुसती तक्रार देऊ नये, वहीचे आकडे द्यावेत. “गाडी नेहमी लेट असते” या वाक्याला उत्तर देणे सोपे असते. “तीस दिवसांत मनमाडला अकरा वेळा अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला, या त्या तारखा” असे कोणी म्हणू शकला तर त्याला तपासून उत्तर द्यावे लागते.

पाच दुकानदार आणि पाच कारागीर यांनी मिळून अशी वही ठेवली तर एका महिन्यात जी माहिती जमेल ती वेळापत्रकात कुठेही छापलेली नाही. थेंबे थेंबे तळे साचे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरुवात करावी आणि रकाने भरताना आपल्या शिंप्याला, विणकराला, हमालाला विचारायला विसरू नये. त्यांचा उशीर त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नसतो.