पाऊस मोजू नको, पान बघ

पोरी, बाग आता तुझ्या हातात आहे, तेव्हा दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंतचं काय ते सांगून ठेवतो. उन्हाळ्याचं सांगत नाही. कुर्डुवाडीचा उन्हाळा जसा आहे तसा येतो, फसवत नाही. फसवतो तो दिवाळीच्या अलीकडचा-पलीकडचा महिना. सकाळी धुकं, दुपारी ऑक्टोबरची काहिली, संध्याकाळी आभाळ भरून आलेलं, आणि चार दिवसांनी एकदम स्वेटर शोधायची पाळी.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. म्हणजे जगाचा पावसाळा सरत आला की आपला जोर धरतो. 2025 च्या सप्टेंबरात सीनेचं पाणी माढा तालुक्यातल्या शेतांत घुसलं ते तू पाहिलंच आहेस. एवढ्यावर भागत नाही. परतीचा पाऊस गेला म्हणून हुश्श करावं, तर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो. 14 ऑक्टोबर 2020 ला असाच एक पट्टा आंध्रच्या किनाऱ्यावरून चढून थेट आपल्यावर आला आणि सोलापूर-पंढरपूरला पाण्यात घातलं. डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांत तयार व्हायला लागलेल्या द्राक्षांवर पाऊस पडला. तेव्हा पंचांगात पावसाची नक्षत्रं संपली म्हणून फवारणीचा पंप धुऊन माळ्यावर टाकायचा नाही.

जुनी माणसं स्वातीच्या पावसाला माणिकमोती म्हणायची. ती माणसं शाळूवाली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस मालदांडीला एक पाऊस मिळाला की पीक तरतं, म्हणून त्यांचं म्हणणं खरं. पण त्याच आठवड्यात तुझी द्राक्षं पोंग्यात नाहीतर फुलोऱ्यात असतात. शेजारच्या शाळूवाल्याचा हसरा चेहरा बघून हवा चांगली आहे असं समजू नकोस.

आता मुख्य गोष्ट. किती मिलिमीटर पडला याची चर्चा पारावर चालू दे. तू एवढंच बघ की पान किती वेळ ओलं राहिलं. तासभर धो धो पडून वारा सुटला आणि ऊन आलं, तर बाग वाचते. रात्री नुसती भुरभुर झाली, वर धुकं बसलं आणि सकाळी दहापर्यंत पानावरचं पाणी हललं नाही, तर डाऊनी आलीच म्हणून समज. पानाच्या वर पिवळट तेलकट डाग आणि उलटं केलं की खाली पांढरी लव. डाग दिसेपर्यंत रोग आत चार-पाच दिवस राहून गेलेला असतो. म्हणून फवारणी पावसाच्या आधी करायची. पाऊस पडल्यावर पळापळ करण्यात अर्धं औषध वाहून जातं. पान वाळतच नसेल तर धुरळणी करतात. फुलोऱ्यात घडात पाणी साचलं तर तारा हलवून झटकायचं, ब्लोअर असेल तर नुसती हवा मारायची. तेवढ्यानेही घडकूज बरीच रोखता येते.

बाग वाचवायचं खरं काम मात्र पावसाच्या आधी होऊन गेलेलं असतं. फेलफूट वेळेवर काढली पाहिजे. दुपारी मांडवाखाली उभी राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले दिसले तर ठीक. गार, गडद सावली पडली असेल तर मजूर बोलाव. अशा गडद मांडवात डाऊनीबरोबर भुरीही येते, आणि भुरीचं तंत्र उलटं आहे. तिला पानावर पाणी लागत नाही, ढगाळ कोरडी हवा आणि सावली पुरते. पाऊस नाही म्हणून डाऊनीची भीती नाही असा आठवडा आला की भुरी शोधायला लागायचं.

छाटणीबद्दल माझं आणि तुझ्या वडिलांचं कधी पटलं नाही, तरी सांगतो. सगळा प्लॉट एका आठवड्यात छाटू नकोस. दोन भाग कर, मध्ये दहा-पंधरा दिवस जाऊ दे. मजुरांची टोळी कुरकुर करेल, व्यापारी म्हणेल माल एकदम पाहिजे. म्हणू दे. एखादा पाऊस अर्ध्या बागेला फुलोऱ्यात गाठेल, पण दुसरी अर्धी तेव्हा पुढे गेलेली असेल नाहीतर मागे असेल. आगाप मालाला भाव मिळतो म्हणून सप्टेंबरात छाटणारे असतात. त्यातले काही मोटार घेतात आणि काही जमीन गहाण टाकतात. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती नान्नजच्या काळ्यांनी इथल्याच हवेत निवडून काढल्या, पण म्हणून इथली हवा त्यांना सांभाळून घेते असं नाही.

छाटणीनंतर मारायचं बोर्डो मिश्रण घरी बनव, तयार मिळतं त्यावर विसंबू नको. एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात, पन्नास-पन्नास लिटरमध्ये विरघळवायचं, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतायचं, आणि मग घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना. सकाळी केलेलं त्याच दिवशी संपव. आणि हे छाटणीनंतरच्या खोड-काड्यांसाठी. कोवळ्या फुटीवर एक टक्का मारलास तर फूट भाजेल. गंमत अशी की फ्रान्समध्ये बोर्डोकडचे बागायतदार मोरचूद-चुना वाटेवरच्या वेलींना फासायचे ते रोगासाठी नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. फासलेल्या वेलींना डाऊनी कमी लागली हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्यानं ते जगाला सांगितलं. तेव्हा चोराचेही आपल्यावर उपकार आहेत.

हवामान मोबाइलवर बघतेस ते बघ. मेघदूत ठेव, विजेसाठी दामिनी ठेव. पण वारा डोळ्यांनी बघायची सवय सोडू नको. बार्शी लाइट रेल्वेची वाफेची इंजिनं होती तेव्हा आम्ही धुरावरून ठरवायचो. धूर पश्चिमेकडे झुकला म्हणजे वारा पूर्वेचा, म्हणजे उपसागराची ओल येतेय. धूर वर न जाता जमिनीलगत पसरला म्हणजे हवा थांबलीय, पहाटे गारठा उतरणार. इंजिनं गेली, आता वीटभट्टीचा नाहीतर कुणाच्या चुलीचा धूर बघ, तो तेच सांगतो.

डाळिंबाकडे ये. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल कमी असतो, भाव चढा असतो, म्हणून हस्त बहराचा मोह प्रत्येकाला होतो. पण हस्त धरायचा तर ऑगस्ट-सप्टेंबरात झाडाला ताण बसायला हवा, आणि आपला मोठा पाऊस नेमका तेव्हाच. मुरमाड, उताराच्या जमिनीत जमतं एखाद्या वर्षी. तुझा खालचा तुकडा काळा आहे, तिथं नाद करू नको. ताण न बसताच इथरेल मारून पानं पाडली तर फुलं येतात पण त्यांच्यात दम नसतो. पाणी साठलेल्या काळ्या रानात मर लागते ती वेगळीच. ओळीच्या बाजूनं चर काढून ठेव. वाफसा आल्याशिवाय पांढरी मुळी चालत नाही, आणि मुळी बंद असताना ड्रिपमधून खत सोडणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

फळ लागल्यावर पाण्याचा नेम चुकवू नको. आठ दिवस कोरडं ठेवून वर पाऊस झाला की साल फुटते. रोज थोडं, सारखं. पाऊस आला तरी ड्रिप लगेच आठवडाभर बंद करायचं नाही. खोरं मारून चार बोटं खालची माती मुठीत दाबून बघ आणि मग ठरव.

थंडीचं थोडक्यात. नोव्हेंबरच्या शेवटी पेपरात आपल्याच लाइनवरच्या जेऊरचा आकडा बघत जा. तिथं उतरलं की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे ओढ्याकाठच्या तुकड्यात तेवढंच समज. गार हवा पाण्यासारखी खोलगट जागी साचते. त्या तुकड्याला पहाटे पाणी दे, विहिरीचं पाणी तेव्हा हवेपेक्षा ऊबदार असतं आणि ओली जमीन ऊब धरते. शेकोट्या पेटवतात लोक. वारा नसेल तर थोडा फरक पडतो, नाहीतर नुसते डोळे चुरचुरतात. मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला घडाला पेपर लावायचा. दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडला की पांढऱ्या जातींचे मणी गुलाबी पडतात आणि व्यापारी त्यावर बोट ठेवतोच.

परसबागेत मेथी-कोथिंबीर गादीवाफ्यावर टाक, सपाट वाफ्यात पावसानं माती बसते आणि कोंब वर येत नाही. सगळं बी एकदम टाकू नको. बोरीवर भुरी दिसली की गंधकाची भुकटी, दुपारच्या उन्हात नव्हे. बाकी त्या मेथीचं तुझ्या आईला जास्त कळतं.

पाऊस मोजू नको म्हणालो ते रोगापुरतं. विम्यासाठी एक पर्जन्यमापक विकत घे आणि बांधावर उभा कर. फळपीक विम्याचा हिशोब महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर होतो, आणि ते केंद्र तुझ्या बांधावर नाही. तिथं कोरडं आणि इथं झोडपलेलं असं होतं. वहीत तारीख, मिलिमीटर, पान किती वाजता वाळलं आणि त्या दिवशी बाग कोणत्या अवस्थेत होती हे लिहून ठेव. गारपीट झाली तर 72 तासांच्या आत कळवायचं, फोटो आधी काढायचे, पडलेले घड नंतर उचलायचे.

आणि हो, डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं राहिलं. तो पावसाच्या थेंबाबरोबर उडतो, तसाच कात्रीबरोबर चालत येतो. ओल्या झाडाला हात लावू द्यायचा नाही, मजूर रिकामे बसले तरी चालतील. उद्या येणारी टोळी पलीकडच्या बागेत छाटणी करून येतेय. त्यांना पहिला चहा पाज, तोवर त्यांच्या कात्र्या जंतुनाशकाच्या बादलीत पडू देत, आणि पुढं झाडागणिक बुडवायला सांग.